दोराचं दुसरं टोक

"अंडं उड्डाणावर जाणाऱ्यांना," भटारखान्याच्या खिडकीतला कॉर्पोरल म्हणाला.

"मग मी कुठे चाललोय? भाजी आणायला?" एनॉक क्लेगने विचारलं.

"तुमच्या विमानाला इंजिन आहे का, सार्जंट? नाही ना. मग तुम्ही प्रवासी. प्रवाशाला लापशी. नियम मी केलेला नाही."

नियम कुणीच केलेला नसतो. तो कुठून तरी टपकतो आणि नेमका खालच्याच माणसाच्या ताटात पडतो. क्लेग ओल्डमच्या सूतगिरणीत पोरवयापासून राबलेला माणूस. ताटात काय पडतं यावरून आपली किंमत ओळखायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्याने लापशीची वाटी उचलली आणि बाकावर येऊन बसला. शेजारी आयव्हर प्रॉसर होता, वेल्सच्या कोळशाच्या खाणीतून आलेला, आणि पलीकडे विल्फ टॅपलिन, लंडनच्या बसवर तिकिटं फाडणारा. तिघेही सार्जंट, तिघेही ग्लायडरचे वैमानिक. समोरच्या टेबलावर हवाई दलाची मंडळी अंडी खात होती. त्यांच्यातच जाइल्स वेनिंग बसला होता. आज याच वेनिंगचं विमान त्यांना ओढून नेणार होतं.

"बघू नकोस तिकडे," प्रॉसर म्हणाला.

"बघत नाहीये."

"मग लापशी नाकात का घालतोयस?"

त्रेचाळीस सालचा जून होता. कॉर्नवॉलच्या टोकावरून मोठे ग्लायडर मोरोक्कोला पोचवायचे होते. ग्लायडर म्हणजे प्लायवूडचं, बिनइंजिनाचं, गोदामाएवढं धूड. पुढे चार इंजिनांचं हॅलिफॅक्स विमान, मागे दोर, दोराच्या टोकाला हे धूड, आणि खाली दिवसभर नुसता समुद्र. बिस्केचा उपसागर, मग पोर्तुगालचा किनारा लांबून टाळत आफ्रिका. जर्मन विमानं त्या वाटेवर घारीसारखी घिरट्या घालत. तिकडून पुढे कुठेतरी सैन्य उतरवायचं होतं. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं, पण त्यासाठी ग्लायडर हवे होते आणि ते तिकडे कमी होते.

दोराला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना खटका असतो. मागचा ग्लायडरच्या वैमानिकाने ओढायचा, उतरायची वेळ आली की. पुढचा ओढणाऱ्या विमानाच्या कप्तानाच्या हाती. आपलं विमान संकटात आलं तर त्याने तो ओढावा आणि मोकळं व्हावं, कुणाला न विचारता. हे ठरवणारा साहेब दोराच्या मागच्या टोकाला कधी बसला असेल, असं क्लेगला वाटत नव्हतं.

मागच्या खेपेला वेनिंगने तो खटका ओढला होता. बिस्केवर दोन जर्मन विमानं ढगातून उतरली, आणि काय होतंय हे क्लेगला कळायच्या आत दोराचं पुढचं टोक मोकळं होऊन त्याच्या काचेसमोर सापासारखं वळवळलं. दोराच्या आतून टेलिफोनची तार जाते. त्या दिवशी ती तार चालू होती. 'सोडतोय' एवढा एक शब्द म्हणायला काय लागतं? तो शब्द आला नाही. क्लेगने ग्लायडर समुद्रावर आपटला. तो, प्रॉसर आणि त्यांचा तेव्हाचा तिसरा गडी एका रबरी होडीत पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस ओकत बसले. मग एका मचव्याने त्यांना उचललं. तिसरा गडी अजून इस्पितळात होता. त्याच्या जागी टॅपलिन आला होता.

बरा झाल्यावर क्लेग मेजरसाहेबांकडे गेला होता. "साहेब, मला कुठल्याही विमानामागे बांधा. या माणसामागे नको."

"क्लेग, विमानं आहेत किती?" मेजर म्हणाले. "आणि वेनिंगने नियमाबाहेर काही केलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी, साहेब. तो पुन्हाही नियमाबाहेर जाणार नाही."

मेजरनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "जा. झोप काढ."

असं ते बोलणं संपलं होतं. आज सकाळी धावपट्टीवर दोर जोडत असताना वेनिंग स्वतः मागे चालत आला. उंच, गोरा, मफलर नीट बांधलेला. क्लेग दोराचा आकडा तपासत होता, तो वाकलेलाच राहिला.

"सगळं ठीक आहे ना, सार्जंट?"

"माझं टोक ठीक आहे, साहेब."

वेनिंग थोडा वेळ उभा राहिला. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग तो वळून गेला.

* * *

हवेत चढल्यावर क्लेगने ग्लायडरची चाकं समुद्रात सोडून दिली. चाकं लटकत ठेवली तर हवा अडते आणि ओढणाऱ्याचं पेट्रोल आफ्रिकेपर्यंत पुरत नाही. म्हणून निघतानाची चाकं टाकायची, पोटाच्या पट्टीवर घसरत उतरायचं, आणि पोटात बांधून आणलेली दुसरी चाकं तिथे लावायची. ही दुसरी चाकं म्हणजे सगळ्या खटाटोपाचा जीव. आफ्रिकेत ती कुठेच मिळत नव्हती. चाकांवाचून तिथे पोचलेला ग्लायडर पुन्हा उडणार नव्हता. तो जळण म्हणून वापरता आला असता.

टेलिफोनची तार उडतानाच तुटली. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. ती तार दर दुसऱ्या खेपेला तुटायची. आता हॅलिफॅक्सच्या शेपटाच्या काचेत बसलेला मॅकफी हा एकच दुवा उरला. तो स्कॉटिश तोफची मागे तोंड करून बसे आणि दिव्याच्या उघडझापीने निरोप देई.

ग्लायडर चालवणं म्हणजे हातगाडी दोराने ओढणाऱ्याच्या मागे हातगाडीतच बसून तोल सांभाळणं. जागा दोनच, ओढणाऱ्याच्या जरा वर किंवा जरा खाली. मधल्या पट्ट्यात चारही पंख्यांचा झोत असतो. त्यात शिरलं की लाकूड कडाकडा बोलायला लागतं. लांबच्या पल्ल्याला खालची जागा बरी. तिथे राहून तिघे आळीपाळीने सुकाणू धरत होते. हात भरून येत, खांदे दगड होत. टॅपलिन गाणी म्हणत होता, प्रॉसर त्याला गप्प बसवत होता.

"बसमध्ये पण असाच गायचास का रे?"

"बसमध्ये लोक पैसे देऊन उतरायचे."

"इथे उतरता येत नाही म्हणून सूड घेतोयस होय?"

दुपार कलली. बिस्के मागे पडला, पोर्तुगाल डाव्या हाताला कुठेतरी न दिसता गेला. आकाशात कुणी नव्हतं. क्लेगने नुकतंच सुकाणू हाती घेतलं होतं, तेवढ्यात हॅलिफॅक्सच्या उजव्या टोकाच्या इंजिनातून पांढरी वाफ निघाली. आधी धाग्यासारखी, मग पोतं फाटावं तशी. पंखा गरगरत मंद झाला आणि उभाच राहिला.

तीन इंजिनांवर हॅलिफॅक्स एकटं मजेत उडालं असतं. मागे हे धूड ओढत नाही. दोर किंचित सैल पडला, पुन्हा ताणला, आणि दोन्ही विमानं हळूहळू खाली यायला लागली. समुद्रावरच्या लाटांच्या रेघा आता वेगवेगळ्या दिसत होत्या. किनारा अजून कुठेच नव्हता.

"सोडतो आता तो," प्रॉसर म्हणाला. आवाज शांत होता. "गेल्या वेळेला तर चारही इंजिनं चालू होती."

क्लेगने मान वळवली नाही. त्याचे डोळे दोराच्या पुढच्या टोकावर होते. तिथे एक छोटा आकडा होता. तो इथून दिसत नव्हता, पण क्लेगला तो दिसत होता.

मॅकफीचा दिवा उघडझाप करायला लागला. टॅपलिनने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं. "चाकं... फेका."

"पुन्हा बघ."

"चाकं फेका. तेच म्हणतोय. चाकं फेका, नाहीतर... पुढचं नाही सांगितलं."

"पुढचं मला माहिती आहे," क्लेग म्हणाला.

प्रॉसर उठला. "मी दार उघडतो. टॅपलिन, चाकांचे पट्टे सोड."

"हात लावू नका," क्लेग म्हणाला.

"एनॉक, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आपल्याकडे सगळ्यात जड तेच आहे."

"आणि तेच न्यायला आपण आलोय. चाकांवाचून तिथे पोचून काय करायचं? वाळूत बसून साहेबांना सलाम ठोकायचा? हा ग्लायडर नाही उडाला तर यातून पुढे जायची माणसं दुसऱ्या कशात तरी कोंबतील, नाहीतर यातून जायची तोफ मागे ठेवून जातील. तोफेवाचून उतरलेल्यांचं काय होतं ते तुला माहिती आहे."

"मेलेल्या माणसाला चाकांचा काय उपयोग?"

"बाकी सगळं फेका. आधी बाकी सगळं."

त्यांनी बाकी सगळं फेकलं. प्रॉसरने कमरेला दोरी बांधून बाजूचं दार सरकवलं आणि वारा आत किंचाळत शिरला. खाण्याची पेटी गेली, पाण्याचे डबे गेले, तिघांचे सामानाचे झोळे गेले, मागची बाकं उखडून गेली. टॅपलिनच्या झोळ्यात त्याच्या बायकोने विणलेला स्वेटर होता. तो त्याने काढून अंगात घातला आणि झोळा ढकलला. चाकं बसवायची अवजारं तेवढी ठेवली. खाली येणं मंदावलं, पण थांबलं नाही. लाटांच्या माथ्यावरचा फेस दिसायला लागला होता.

दिवा पुन्हा लुकलुकला. चाकं फेका. या खेपेला हात घाईत होता, अक्षरं एकमेकांवर चढत होती.

क्लेगला कळून चुकलं की त्या चार शेरांच्या झोळ्यांनी काही होणार नव्हतं. वेनिंगच्या विमानात फेकायला भरपूर होतं. बंदुका होत्या, पितळी गोळ्यांचे ढीग होते, चिलखती पत्रे होते. पण ते सगळं फेकून निःशस्त्र व्हायचं आणि जर्मनांच्या वाटेवर उडत राहायचं, तेही मागच्या तीन सार्जंटांसाठी? खटका ओढणं सोपं होतं. खटका ओढला तर मागची माणसं होडीत बसतील, कुणीतरी उचलेल. गेल्या वेळी उचललंच होतं. तीच होडी वेनिंगची रात्रीची झोप शाबूत ठेवत होती.

"होडी," क्लेग म्हणाला.

"काय होडी?"

"होडी फेका. दारातून अशी फेका की मॅकफीला दिसेल."

टॅपलिनने पट्ट्यात बांधलेल्या पिवळ्या गाठोड्याकडे पाहिलं.

"तिचं वजन कितीसं आहे?" टॅपलिन म्हणाला.

"वजनासाठी नाही म्हणत मी."

टॅपलिनला अजून समजलं नव्हतं. प्रॉसरला समजलं. त्याने दाराची कड धरली आणि क्लेगच्या पाठीकडे बघत राहिला. "म्हणजे त्याने सोडलं तर आपण मेलो, हे त्याला दिसलं पाहिजे."

"आत्ता तो सोडतो आणि म्हणतो, त्यांच्याकडे होडी आहे. ती सोय मला त्याला ठेवायची नाही. पण मी एकट्याने ठरवणार नाही. तुम्ही दोघं नाही म्हणालात तर चाकं फेका, मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

"चाकं फेकली तर तो सोडणार नाही कशावरून?" प्रॉसरने विचारलं.

"कशावरूनच नाही."

प्रॉसरने जरा वेळ विचार केला. खाणीत छत करकरायला लागलं की माणसं असा विचार करतात, थोडा वेळ आणि पुरता. "त्या होडीत मी आतडी बाहेर येईपर्यंत ओकलोय," तो म्हणाला. "मला काही तिचं प्रेम नाही. विल्फ, तू बोल. तुला पोहता येत नाही."

"तुम्हाला आफ्रिकेपर्यंत पोहता येतं का?" टॅपलिन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो उठला, होडीचं पिवळं गाठोडं त्याने स्वतःच पट्ट्यातून सोडवलं आणि दारापर्यंत ओढत नेलं. दारात त्याने तिची फुगवायची दोरी ओढली. होडी अर्धी बाहेर फुगली, वाऱ्याने हिसकावून नेली, आणि ते पिवळंधमक धूड हवेत गिरक्या घेत मागे पडलं. आंधळ्यालाही दिसली असती.

मॅकफीचा दिवा थांबला.

क्लेगने सुकाणू घट्ट धरलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त नीट उडायचं. दोर एका ताणात ठेवायचा, एक झटका द्यायचा नाही, पुढच्याला एक तसूभरही जास्त ओझं वाटू द्यायचं नाही. खटका ओढायला पुढच्याला एकही निमित्त मिळता कामा नये. लाटा काचेच्या खालच्या कडेला आल्या होत्या.

मग काचेच्या घुमटात मॅकफी उठून गुडघ्यावर बसलेला दिसला. त्याने अंगठा वर केला. पुन्हा पुन्हा, जोरजोराने, वर, वर.

"शाबास म्हणतोय का?" टॅपलिनने विचारलं.

"नाही," क्लेग म्हणाला. "वर या म्हणतोय. ते काहीतरी टाकतायत. आपण खाली आहोत, आपल्या डोक्यावर येईल."

वर जायचं म्हणजे पंख्यांच्या झोतातून जायचं. जेमतेम तरंगत असलेल्या विमानाच्या शेपटाला त्या वेळी एक धक्का बसला, तर दोघंही समुद्रात. क्लेगने सुकाणू केसाएवढं मागे घेतलं. ग्लायडर थरथरला. मग सगळं धूड दात वाजल्यासारखं खडखडायला लागलं, प्रॉसर जमिनीवर आडवा पडला, कुठेतरी फळी फुटल्याचा आवाज आला. क्लेग घाई करत नव्हता. घाई केली असती तर दोर हिसकला असता. त्या खडखडाटातून तो इंचाइंचाने वर सरकत राहिला. पुढे हॅलिफॅक्सचं शेपूट डोललं, एकदा फार डोललं, आणि सावरलं. मग एकाएकी हवा गुळगुळीत झाली. हॅलिफॅक्स आता त्यांच्या खाली होतं.

त्याच्या पोटातून वस्तू पडायला लागल्या. गोळ्यांच्या माळा उन्हात चकाकत गेल्या. पेट्या गेल्या. पत्रे गेले. शेवटी मॅकफीच्या समोरच्या बंदुका एकेक करून त्याच्या घुमटातून बाहेर गेल्या, आणि तो मोकळ्या भोकात बसून राहिला.

समुद्र वर यायचा थांबला.

* * *

किनारा दिसला तेव्हा सूर्य पाण्याला टेकत आला होता. मोरोक्कोत सालेच्या विमानतळावर क्लेगने आपल्या टोकाचा खटका ओढला, लाल धुळीचा लोट उठवत ग्लायडर पोटावर घसरला आणि एका निवडुंगाच्या कुंपणाआधी थांबला. तिघांनी पहिलं काम केलं ते चाकांचे पट्टे तपासण्याचं. चाकं जागच्या जागी होती. मग ते पंखाखाली बसले.

वेनिंग धुळीतून चालत आला. मफलर नव्हता. त्याने क्लेगसमोर येऊन पहिलं वाक्य असं टाकलं की टॅपलिन आपोआप उठून उभा राहिला.

"माझ्या विमानात सहा माणसं होती. सहा. तू त्यांना फासावर टांगलंस."

"माझ्या ग्लायडरात तीन होती," क्लेग बसूनच म्हणाला. "गेल्या खेपेलाही तीनच होती."

"उभा राहा, सार्जंट."

क्लेग उभा राहिला. "गेल्या खेपेला तार चालू होती, साहेब. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सोडलंत याचा राग नाही मला. पोतं टाकावं तसं टाकलंत, त्याचा आहे."

वेनिंगचा चेहरा धुळीने आणि घामाने चट्ट्यापट्ट्यांचा झाला होता. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मॅकफीच्या जागी तेव्हा मॉरिस बसायचा. पहिल्याच फैरीत त्याचं पोट फुटलं. विमानातल्या तारेवरून तो माझ्या कानात ओरडत होता. कानात, कळतंय का? तुझ्या तारेवर बोलायला मला त्याचा आवाज बंद करावा लागला असता. मी नाही केला."

मॉरिस मेला हे क्लेगला माहीत होतं. तळावर कुणीतरी म्हणालं होतं. त्याने ते ऐकलं आणि आपल्या रागाच्या आड ठेवून दिलं होतं. तो मेला कसा, हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. खोटं वाईट वाटून दाखवणं त्याला येत नव्हतं.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"आज माझा हात खटक्यावर होता. मॅकफी ओरडला, त्यांनी होडी फेकली. मला तुझा गळा दाबावासा वाटला. अजून वाटतोय." वेनिंगने कपाळ पुसलं. "चार दिवसांनी डोंगर ओलांडून ट्युनिसला जायचंय. तू दुसरं विमान मागून घे. मी आड येणार नाही. उलट मीच सांगतो, मला हा माणूस नको."

प्रॉसरने क्लेगकडे पाहिलं. हेच तर क्लेगला हवं होतं. यासाठीच तो मेजरच्या दारात गेला होता.

"दुसऱ्या विमानालाही तोच खटका असणार," क्लेग म्हणाला. "आणि त्याच्या पायलटने अजून काहीच फेकलेलं नाही. मला हेच विमान हवंय."

"तुझ्या हवं-नकोला कोण विचारतंय?"

"तुम्ही, साहेब. आत्ताच. पण एक अट आहे. पुढचा खटका तुम्ही ओढायचा नाही."

वेनिंग कोरडं हसला. "आणि जळत खाली जायचं?"

"नाही. वेळ आली तर पंख दोनदा हलवा. मी माझ्या टोकाने सुटेन. सोडायचं असेल तर मी सोडेन. मला कुणी टाकलेलं मी पुन्हा सोसणार नाही."

"आणि तू नाही सुटलास तर? आज तर तू होडी फेकलीस. तुझा भरवसा काय?"

प्रश्न खरा होता. क्लेगने तो मनात तोलून पाहिला. "आज तुम्ही मला विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "विचारलंत तर मी सुटेन. पंख हलवून झाल्यावरही दोर ताणलेलाच राहिला, तर तुम्ही ओढा. तेव्हा मी तक्रार करणार नाही."

प्रॉसर म्हणाला, "तेव्हा तू तक्रार करायला असशील कुठे?"

टॅपलिन फिसकन हसला आणि लगेच गप्प बसला. वेनिंग हसला नाही. तो दोराकडे बघत होता. हॅलिफॅक्सने तो धावपट्टीवर टाकला होता आणि दोन मोरोक्कन गडी तो गोळा करत होते. त्यांनी एवढा जाड दोर आधी पाहिला नसावा. एकाने तो हाताने दाबून पाहिला आणि दुसऱ्याला काहीतरी सांगितलं.

"दोनदा," वेनिंग म्हणाला.

"दोनदा. एकदा हलले तर मी वाऱ्याचा झटका समजेन."

"आणि दुसऱ्यांदा हलले की लगेच. मोजत बसायचं नाही."

"लगेच."

वेनिंगने मान हलवली. हात पुढे केला नाही, क्लेगनेही केला नाही. तो वळला, पण चार पावलांवर थांबून त्याने विमानाकडे हाक मारली. मोकळ्या शेपटाखाली मॅकफी सिगारेट ओढत उकिडवा बसला होता. तो धावत आला.

"तूच सांग त्याला," वेनिंग क्लेगला म्हणाला. "मागे तोंड करून तोच बसतो. तू सुटलास की नाही हे मला त्याच्याकडूनच कळणार."

क्लेगने मॅकफीला पंखाच्या सावलीत बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.